गोंधळ हा शोधाचाच एक टप्पा

घरातील पहिले मूल कॉलेजात जाते तेव्हा सारे घरच त्याच्याबरोबर कॉलेजात जात असते. फी, पुस्तके, एसटीचा पास यांची तजवीज अब्बा करतात, डब्याचे अम्मी पाहते. पहिले काही महिने बरे जातात. मग एके दिवशी वर्गात सांगितले जाते, ‘‘एखादा विषय निवडा, त्यावर माहिती जमवा आणि पंधरा पानांचा प्रकल्प लिहून आणा.’’ मुलगी उत्साहाने विषय निवडते. समजा, ‘आपल्या तालुक्यातील पाणीटंचाई’. दोन दिवस लायब्ररीत बसते, मोबाईलवर शोधते आणि तिसऱ्या दिवशी गप्प होते. एका पुस्तकात एक सांगितलेले, दुसऱ्यात दुसरेच. वाचावे तितका गुंता वाढतो. रात्री ती म्हणते, ‘‘अम्मी, हे मला नाही जमायचे.’’

हे वाक्य घरच्यांनी नीट ऐकायला हवे. कारण त्यानंतर दोन वाटा फुटतात. कोणाचा तरी तयार प्रकल्प उतरवून काढायचा, ही एक. शिक्षण आपल्यासाठी नाहीच, अशी मनाशी गाठ बांधायची, ही दुसरी. ज्या घरात आधी कोणी या रस्त्याने गेलेले नसते, तिथे ‘अगं, असे सगळ्यांनाच होते’ एवढे सांगणारे माणूसही नसते.

पण असे सगळ्यांनाच होते, आणि हे अभ्यासाने दाखवून दिले आहे. माणसे माहिती कशी शोधतात, कुठे अडतात, हाती आलेल्या माहितीवर विश्वास कसा ठेवतात, हा ग्रंथालयशास्त्रातील संशोधनाचा एक मोठा विषय आहे. ग्रंथपालांनी आणि प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना, विद्वानांना आणि स्वतः ग्रंथपालांनाही काम करताना पाहून, त्यांच्याशी बोलून काही गोष्टी नोंदवल्या आहेत. त्यांतील चार गोष्टी प्रत्येक पालकाला ठाऊक असाव्यात असे एक शिक्षक म्हणून मला वाटते.

सहा टप्पे

कॅरल कुल्थाऊ या अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात शाळेच्या ग्रंथपाल होत्या. पुढे त्या तिथल्याच रटगर्स विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. लायब्ररी कशी वापरायची हे नीट शिकवूनही हुशार मुलेसुद्धा प्रकल्पाच्या सुरुवातीला भांबावलेली दिसतात, हे त्यांना खटकत होते. १९८० च्या दशकात त्यांनी शाळेच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. प्रकल्प करताना रोज काय शोधले, मनात काय आले, कसे वाटले, याची टिपणे मुलांना ठेवायला सांगितली आणि वेळोवेळी त्यांच्या मुलाखती घेतल्या.

त्यातून शोधाचे सहा टप्पे पुढे आले. काम अंगावर येते, तो पहिला टप्पा. मनात धाकधूक असते. विषय ठरतो, तो दुसरा. इथे हुरूप येतो. तिसऱ्या टप्प्यात विषयाविषयी वाचन सुरू होते आणि इथेच घसरण होते. नवी माहिती जुन्या समजुतींशी जुळत नाही, पुस्तके एकमेकांशी भांडतात, आत्मविश्वास खाली येतो. चौथ्या टप्प्यात वाचलेल्यातून एक नेमका मुद्दा सापडतो. मग पाचव्यात त्या मुद्द्यापुरती माहिती गोळा करायची आणि सहाव्यात मांडणी करायची.

आपण समजतो की माणूस जसजसे वाचतो तसतसे त्याला स्पष्ट होत जाते. कुल्थाऊंना आढळले ते वेगळेच. वाचायला लागल्यावर अनिश्चितता आधी वाढते आणि मग कमी होते. हे थोड्याच मुलांपुरते असेल म्हणून पुढे २१ ग्रंथालयांतील ३८५ वाचकांचा अभ्यास झाला. त्यांत शाळा, महाविद्यालये आणि सार्वजनिक वाचनालये अशा सर्व ठिकाणचे वाचक होते. पुढे त्यांनी एका गुंतवणूक विश्लेषकाचाही काही वर्षांच्या अंतराने अभ्यास केला. अनुभवी झाल्यावरही अवघड कामात त्याला अनिश्चिततेला सामोरे जावे लागतच होते. फरक एवढाच की आता तो तिला घाबरत नव्हता, कामाचाच भाग मानत होता.

आपल्या मुलीचे पाणीटंचाईचे उदाहरण घ्या. तिसऱ्या दिवशी गप्प झाली तेव्हा ती तिसऱ्या टप्प्यावर होती. तिथे घाईने झेरॉक्सचा गठ्ठा जमवणे ही सर्वसाधारण चूक असते, कारण मुद्दाच ठरलेला नसतो. त्या वेळी थोडे वाचावे, थोडे लिहावे, कोणाशी तरी बोलावे. बोलता बोलता तिच्या लक्षात येईल की तालुक्याचे सारे पाणी आपल्याला मोजायचे नाही. टँकर येणाऱ्या गावांत बायकांचा दिवसातला किती वेळ पाण्यापायी जातो, एवढेच पाहायचे आहे. हा चौथा टप्पा. इथून रस्ता उताराचा लागतो.

प्रश्नामागचा प्रश्न

पण मुद्दा सापडण्याआधी प्रश्न नीट विचारता यायला हवा आणि तेच सर्वांत कठीण. रॉबर्ट टेलर या अमेरिकी अभ्यासकाने अनुभवी ग्रंथपालांशी बोलून १९६८ साली एक लेख प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी प्रश्नाच्या चार पायऱ्या सांगितल्या. पहिल्या पायरीवर नुसती हुरहूर असते, काही तरी कळत नाही एवढेच कळते. दुसरीवर तो प्रश्न मनात अर्धवट आकार घेतो. तिसरीवर तो आपल्याला शब्दांत मांडता येतो. चौथ्या पायरीवर माणूस ग्रंथपालासमोर येतो आणि लायब्ररीत काय असेल याचा अंदाज करून आपला प्रश्न वाकवून विचारतो.

एखादा माणूस येऊन विचारतो, ‘‘कायद्याची पुस्तके कुठे आहेत?’’ ग्रंथपालाने कपाटाकडे बोट दाखवले तर तो तासभर जाडजूड पुस्तके चाळून हात हलवत परत जाईल. जाणता ग्रंथपाल विचारतो, ‘‘बसा भाई. काम काय आहे?’’ मग कळते की मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर नाव एका तऱ्हेने लिहिले आहे आणि आधार कार्डावर दुसऱ्या तऱ्हेने. शेखचे शैख झाले आहे आणि फॉर्म अडकला आहे. त्याला कायद्याचे पुस्तक नको होते. नाव दुरुस्त करण्याची पद्धत आणि अर्ज कुठे द्यायचा हे हवे होते.

टेलर यांच्या म्हणण्याप्रमाणे चांगला ग्रंथपाल बोलता बोलता पाच गोष्टी जाणून घेतो. विषय काय, तो कशासाठी हवा, विचारणारा कोण आणि त्याला आधीपासून किती ठाऊक आहे, लायब्ररीच्या रचनेत हा विषय कुठे बसेल, आणि कोणत्या प्रकारचे उत्तर मिळाले की त्याचे समाधान होईल. यांतील शेवटचा प्रश्न घरीही विचारता येतो. मूल म्हणाले, ‘‘माहितीच मिळत नाही,’’ तर रागावण्याऐवजी एवढेच विचारावे, ‘‘बेटा, नेमके काय कळले म्हणजे तुझे काम झाले असे तुला वाटेल?’’ स्वतः फारसे न शिकलेली आईही हा प्रश्न विचारू शकते. त्यासाठी विषयाचे ज्ञान लागत नाही, ऐकून घ्यायची तयारी लागते.

करवंदे वेचावीत तशी

प्रश्न ठरला तरी उत्तर एका जागी सापडत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतील मार्शा बेट्स यांनी १९८९ साली हे एका साध्या उपमेतून सांगितले. जंगलात झुडपांवर बेरीची फळे विखुरलेली असतात. ती एकेक करून वेचावी लागतात, घड हाती येत नाही. आपल्या कोकणात किंवा घाटात करवंदे वेचलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. या जाळीवर चार, त्या जाळीवर सहा, आणि फिरता फिरता पिकलेली जाळी कुठे असेल याचाही अंदाज येऊ लागतो.

विद्वान माणसे अशीच शोधतात, असे बेट्स यांनी दाखवले. एका पुस्तकाच्या तळटीपांतून दुसऱ्या पुस्तकाकडे जायचे. या पुस्तकाचा आधार पुढे कोणी घेतला ते पाहायचे. एका नियतकालिकाचे अंक ओळीने चाळायचे. हव्या पुस्तकाच्या शेजारची पुस्तकेही उघडून पाहायची. विषयसूची पाहायची. एखाद्या लेखकाचे बाकीचे लेखन काढायचे. या वाटेवर प्रश्नही बदलत जातो आणि तो बदलणे चांगलेच असते. मोबाईलवर एक शब्द टाकून पहिल्या उत्तरावर थांबणारे मूल आळशी असते असे नाही. दुसऱ्या जाळीकडे जायचे असते हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

पानाबाहेर जाऊन पाहणे

वेचलेले प्रत्येक फळ खाण्याजोगे असतेच असे नाही. या बाबतीत अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ साली मांडलेला अभ्यास डोळे उघडणारा आहे. त्यांनी ४५ जणांना संगणकासमोर बसवले. त्यांत पीएच.डी. झालेले १० इतिहासकार, बातम्यांची सत्यता तपासण्याचा व्यवसाय करणारे १० तपासनीस आणि स्टॅनफर्डचे २५ विद्यार्थी होते. काही संकेतस्थळे दाखवून, यांवर कितपत विश्वास ठेवाल, असे विचारले.

त्यांतील एका कामात बालरोगतज्ज्ञांच्या दोन संस्थांची पाने होती. नावे मिळतीजुळती, मांडणी दोन्हींची नीटनेटकी. एक संस्था १९३० पासूनची, हजारो डॉक्टरांची. दुसरी २००२ साली तिच्यातून बाहेर पडलेल्या एका छोट्या गटाची. निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांना छोट्या गटाचेच पान जास्त भरवशाचे वाटले. काही इतिहासकारांनाही ठाम उत्तर देता आले नाही. दहाही तपासनिसांनी मात्र योग्य संस्था ओळखली, आणि तीही फार कमी वेळात.

त्यांची युक्ती कोणती? विद्यार्थी आणि इतिहासकार ते पान वरपासून खालपर्यंत काळजीपूर्वक वाचत राहिले आणि त्याचा बोधचिन्हाचा रुबाब, भारदस्त भाषा यांनी प्रभावित झाले. तपासनीस त्या पानावर रेंगाळलेच नाहीत. ते लगेच बाहेर पडले, नवे पान उघडले आणि या संस्थेविषयी इतर लोक काय म्हणतात ते शोधले. एखाद्या घरी सोयरीक जुळवायची असेल तर आपण मुलाची चौकशी त्याच्याच घरी करत नाही, मोहल्ल्यात करतो. तसेच हे आहे.

घरच्या ग्रुपवर आलेला औषधाचा नुस्खा असो की ‘आजच फॉर्म भरा’ म्हणून आलेली शिष्यवृत्तीची लिंक असो, तीच रीत कामाची. त्या संदेशात दिलेल्या नंबरवर फोन करून खात्री होत नाही. नुस्ख्याबद्दल डॉक्टरांना विचारावे. शिष्यवृत्तीबद्दल शाळेच्या किंवा कॉलेजच्या कार्यालयात विचारावे.

ही सावधगिरी संगणकाबरोबर जन्मलेली नाही. बगदादचे इब्न अन-नदीम यांनी हिजरी ३७७ मध्ये, म्हणजे इसवी सन ९८७ च्या सुमारास, ‘अल-फिहरिस्त’ ही अरबी ग्रंथांची मोठी सूची तयार केली. पुस्तकांच्या नकला करून विकणाऱ्या वर्राक लोकांच्या बाजारात ते वाढले होते. कोणता ग्रंथ आपण स्वतः पाहिला आणि कोणत्याविषयी दुसऱ्याकडून ऐकले, हा भेद ते नोंदवत. काही ठिकाणी पानांची संख्याही देत. अपुरी नकल पूर्ण म्हणून गळ्यात मारली गेली तर ती ओळखायला अशी नोंद उपयोगी पडते.

उर्दूत संशोधनाला ‘तहकीक’ म्हणतात. त्याच्या मुळाशी ‘हक’ म्हणजे सत्य आहे. खरे काय ते पडताळून घेणे हा त्याचा अर्थ. मराठीतल्या ‘संशोधन’ शब्दात ‘शोधन’ आहे, म्हणजे स्वच्छ करणे, निवडून घेणे. दोन्ही भाषांना एकच गोष्ट माहीत होती. शोधणे म्हणजे नुसते सापडणे नव्हे. धान्य निवडताना सुपासमोर बसावे लागते, तसा त्याला वेळ द्यावा लागतो.

महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि पुष्कळ गावांत वाचनालय आहे. आपल्या मुलाला, विशेषतः मुलीला, एकदा तिथे घेऊन जा. पुस्तक मागण्याआधी ग्रंथपालांना सलाम-नमस्कार करून आपले काम काय आहे ते सांगायला शिकवा. लाजण्यासारखे त्यात काही नाही, त्यांचे कामच ते आहे. प्रकल्पाच्या वहीत शेवटची दोन पाने कोरी ठेवायला सांगा. तिथे रोज काय वाचले, कुठे वाचले आणि काय कळले नाही हे तिने लिहावे.

आणि तिसऱ्या दिवशी ती गप्प झाली तर तिच्याजवळ बसा. तिला सांगा की मोठमोठ्या अभ्यासकांचीही या वळणावर अशीच गत होते. ती चुकीच्या रस्त्यावर नाही. ती बरोबर मध्यावर पोहोचली आहे.