महामंदीतील शासकीय हस्तक्षेप : अमेरिकेतील राजकीय युक्तिवाद (१९३० ते १९३८)

ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि त्यानंतर अमेरिका महामंदीत सापडली. या कालखंडाचे विवेचन करताना राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूव्हर हे निर्हस्तक्षेपाचे, तर फ्रँकलिन रूझवेल्ट हे हस्तक्षेपाचे पुरस्कर्ते, अशी मांडणी सर्रास केली जाते. अध्यापनास ती सोयीची असली तरी वस्तुस्थितीशी जुळत नाही. मंदीला आपल्या मार्गाने जाऊ द्यावे हा अर्थमंत्री अँड्र्यू मेलन यांचा सल्ला आपण मानला नाही, असे हूव्हर यांनीच आपल्या आठवणींत नमूद केले आहे. जानेवारी १९३२ मध्ये त्यांनी ५० कोटी डॉलर भांडवलाचे 'रिकन्स्ट्रक्शन फायनान्स कॉर्पोरेशन' स्थापन केले. त्यातून बँका, विमा कंपन्या व रेल्वे कंपन्यांना कर्जे दिली गेली.

तेव्हा वाद हस्तक्षेप असावा की नसावा हा नव्हताच. शासनाचा पैसा कोणाच्या हाती, कोणत्या नात्याने जावा, हा होता. १९३० च्या अवर्षणाच्या वेळी हे प्रकर्षाने दिसले. बियाणे व जनावरांचा चारा यांसाठी शेतकऱ्यांना कर्ज देण्यास हूव्हर यांची संमती होती. त्याच शेतकऱ्याच्या कुटुंबाच्या अन्नासाठी केंद्रीय निधी देण्यास त्यांचा विरोध होता. ते काम रेडक्रॉसचे व स्थानिक समाजाचे, अशी त्यांची धारणा होती. खेचरांना चारा मिळतो आणि मुलांना भाकर नाही, अशी टीका विरोधकांनी केली, ती स्वाभाविकच होती. तथापि हूव्हर यांच्या भूमिकेला केवळ निष्ठुरता म्हणणे अन्यायाचे ठरेल. पहिल्या महायुद्धात बेल्जियमच्या उपाशी जनतेला अन्न पुरविणारे संघटक ते हेच. व्यक्तीला केंद्राकडून थेट मदत मिळू लागली की स्थानिक स्वराज्य व स्वावलंबन दोन्ही खालावतात, हा त्यांचा युक्तिवाद होता. त्यातील उणीव व्यवहारातली होती. शहरांच्या व घटकराज्यांच्या तिजोऱ्या तोवर रित्या झाल्या होत्या. अखेर जुलै १९३२ मध्ये राज्यांना मदतकार्यासाठी ३० कोटी डॉलरची कर्जे देणारा कायदा त्यांना मान्य करावा लागला.

दुसऱ्या बाजूलाही विसंगती होती. ऑक्टोबर १९३२ मध्ये पिट्सबर्ग येथील प्रचारसभेत रूझवेल्ट यांनी प्रशासकीय खर्चात २५ टक्के कपात व समतोल अंदाजपत्रक यांचे आश्वासन दिले. उपासमार टाळण्यासाठी गरज पडल्यास तूट पत्करू, अशी पुस्तीही जोडली. मार्च १९३३ मध्ये सत्तेवर येताच त्यांनी सरकारी वेतने व माजी सैनिकांची निवृत्तिवेतने कमी केली. मदतकार्यावरील मोठा खर्च त्यानंतरचा. त्यावर उजवीकडून 'अमेरिकन लिबर्टी लीग'ने राज्यघटनेच्या नावाने, तर डावीकडून ह्यूई लाँग यांनी संपत्तीच्या फेरवाटपाच्या नावाने हल्ला चढविला.

१९३७ साली दोन्ही पक्षांना नवा दाखला मिळाला. रूझवेल्ट यांनी खर्च आवरता घेतला, सामाजिक सुरक्षेची नवी वर्गणी सुरू झाली, मध्यवर्ती बँकेने बँकांवरील राखीव निधीचे प्रमाण वाढविले, आणि अर्थव्यवस्था पुन्हा घसरली. खर्च थांबविल्याचा हा परिणाम, असे हस्तक्षेपवाद्यांनी म्हटले. करांमुळे व उद्योगांविषयीच्या शत्रुत्वामुळे गुंतवणूकदार बिचकले, असे विरोधकांनी. एप्रिल १९३८ मध्ये रूझवेल्ट पुन्हा खर्चाकडे वळले.

याचा निवाडा आकड्यांनी होईल, अशी अपेक्षा असते. पण आकडेच या वादातून सुटलेले नाहीत. स्टॅन्ली लेबरगॉट यांच्या प्रचलित मालिकेनुसार १९३८ मधील बेकारी सुमारे १९ टक्के होती. या मालिकेत 'वर्क्स प्रोग्रेस ॲडमिनिस्ट्रेशन'सारख्या शासकीय मदतकामांवरील मजूर बेकारांत गणले आहेत. मायकल डार्बी यांनी १९७६ मध्ये त्यांना रोजगारात धरून फेरगणना केली, तेव्हा त्याच वर्षाचे प्रमाण सुमारे साडेबारा टक्क्यांवर आले. शासनाच्या वेतनावर रस्ता बांधणारा मजूर पहिल्या मालिकेत बेकार आहे, दुसरीत कामावर आहे; आणि १९३० पासून वादाचा विषय तोच होता.