केदारनाथला निघण्यापूर्वी

आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या औंढ्याच्या नागनाथाला बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक म्हणून भाविक पूजतात. त्याचं दर्शन झालं की पुष्कळांना केदारनाथची ओढ लागते. पण केदारनाथ सुमारे ३,५८० मीटर उंचीवर. आपलं कळसूबाई शिखर १,६४६ मीटर. म्हणजे त्याच्या दुपटीहूनही उंच.

तिथली हवा विरळ. प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या मानाने सुमारे दोन-तृतीयांशच. दिवसभर नांगरामागे चालणारा गडीही तिथे धापा टाकतो. केवळ ताकदीने भागत नाही. शरीराला सवय व्हावी लागते, आणि सवयीला दिवस लागतात.

म्हणून बेत आखताना आधी दिवस मोजा, मग पैसे. पायवाट गौरीकुंडाहून, सुमारे २,००० मीटरवरून सुरू होते. त्या परिसरात एक मुक्काम जादा ठेवा. जमल्यास चढ दोन दिवसांत वाटून घ्या. हृदयाचा, दम्याचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

वाटेत डोकं दुखलं, मळमळलं, तर वर चढू नका. बसल्या जागी धाप लागली, तोल जाऊ लागला, बोलणं भरकटलं, तर जिवाला धोका आहे असं समजा आणि मदत घेऊन त्या माणसाला ताबडतोब खाली आणा.

‘देवाच्या दारातून परत कसं फिरायचं?’ असं कोणी म्हणेल. तेव्हा सोबत खाली कोण उतरणार, हे गुरुजींनी गावातच ठरवून घ्यावं. देव तिथेच आहे. पुढल्या वर्षी पुन्हा जाता येईल.