चिपळूणला मगरी पाहायला जाताय? आधी कॅलेंडरमध्ये तिथी बघा!

जून २०२४ च्या अखेरीस एक व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. रात्रीची वेळ, धो धो पाऊस आणि चिपळूणच्या भर रस्त्यावरून, गाड्यांच्या उजेडात, एक भलीमोठी मगर निवांत चालली होती. मुंबईकरांनी तोंडात बोटं घातली. पवई तलावातही मगरी आहेत, पण त्या अजून तरी सिग्नलवर दिसलेल्या नाहीत!

चिपळूणकरांना मात्र मगर नवी नाही. गावाला वळसा घालून जाणाऱ्या वाशिष्ठी नदीत आणि पुढे दाभोळच्या खाडीत त्यांची वस्ती आहे. या मगरी बघायला, आणि जमलं तर खाडीची चिंबोरी खायला, उपनगरांतून जाणाऱ्यांची संख्या कमी नाही. पण अनेक जण दुपारी बोटीत बसतात, भरलेली नदी बघतात आणि मगर न पाहताच परततात. चूक बोटवाल्याची नसते. वेळ चुकलेली असते.

मगर नेमकी कधी दिसते?

मगरीला स्वतःच्या शरीरात पुरेशी उष्णता तयार करता येत नाही, म्हणून ती उन्हाला येते. थंडीत पाणी गार असतं, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत ती काठावर जास्त वेळ पडून राहते. तोंड उघडं ठेवून पडलेली मगर चिडलेली आहे असं अनेकांना वाटतं. बहुतेक वेळा ती फक्त अंग फार तापू देत नसते.

आता काठ कुठला? चिपळूणपर्यंत भरती-ओहोटी पोचते. भरतीला गाळाची बेटं बुडतात, ओहोटीला उघडी पडतात. म्हणजे ऊन आणि ओहोटी एकत्र यायला हवी. कोकणातला जुना हिशेब इथे कामाला येतो: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची साधारण वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. म्हणजे पंचमी ते अष्टमी या दिवसांत ओहोटी सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान येते, नेमकी ऊन खायच्या वेळेला. हा हिशेब समुद्रकिनाऱ्याचा. आत चिपळूणपर्यंत पाणी चढायला-उतरायला आणखी वेळ लागतो, तेव्हा बोटवाल्याला फोन करून पक्कं विचारा. अष्टमीला भांगाचं पाणी असल्याने चिखल कमी उघडा पडतो, हेही लक्षात ठेवा. गोवळकोटच्या धक्क्यावर चौकशी केली तर फेरीची माहिती मिळते. शेजारीच गोविंदगड आहे. वर चढलं की नदीचं वळण एका नजरेत दिसतं.

मे महिन्यातही नदीला पाणी कसं?

कोकणातल्या बहुतेक नद्या उन्हाळ्यात आटतात. वाशिष्ठीचं तसं होत नाही, कारण तिच्यात घाटमाथ्यावरचं पाणी येतं. कोयना नदी खरं तर पूर्वेला, कृष्णेकडे जाणारी. पण धरणाचं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेला आणून पोफळी, अलोरे परिसरात वीज तयार केली जाते. १,९६० मेगावॉट क्षमतेच्या या प्रकल्पातून बाहेर पडलेलं पाणी शेवटी वाशिष्ठीला मिळतं. तुमच्या घरातला पंखा फिरण्यामागे कोयनेच्या विजेचा वाटा असेल, तर तेच पाणी पुढे मगरीच्या पोटाखालून वाहतंय.

मग गावाला धोका कशाचा?

मगरीपेक्षा पाण्याचा. २६ जुलै २००५ ला मुंबईची उपनगरं बुडाली, तेव्हाच चिपळूणही बुडालं होतं. २२ जुलै २०२१ चा पूर त्याहून वाईट. मुसळधार पाऊस आणि खाडीची भरती एकत्र आली आणि अख्खी बाजारपेठ पाण्याखाली गेली. दुकानांतला माल, वह्या, यंत्रं, सगळं चिखलात. त्यानंतर नदीतला गाळ काढण्यासाठी चिपळूणकरांनी उपोषण केलं आणि गाळ उपसायला सुरुवात झाली.

इथेच पेच आहे. पुराला जागा हवी म्हणून गाळ काढायला हवा, आणि मगरी ऊन खातात ती जागाही गाळाचीच. बाजारपेठेत एकदा सगळं गमावलेल्या दुकानदाराला याबद्दल विचारलंत, तर तो कोणाच्या बाजूने बोलेल हे सांगायला नको. त्याचं चूकही म्हणता येणार नाही. मगर मात्र वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिला इजा करणं हा गुन्हा. फोटोसाठी बोटीतून कोंबडीचे तुकडे टाकायला कोणी सुचवलं, तर सरळ नाही म्हणा. माणूस दिसला की खाणं मिळतं हे मगर शिकली, तर नदीवर कपडे धुणाऱ्या बाईचं काय?

खायचं काय?

चिंबोऱ्या, कोळंबी, बोय, कालवं. पण चिंबोरी अमावास्येच्या सुमारास भरलेली असते असं म्हणतात. म्हणजे मगरीची तिथी एक आणि चिंबोरीची दुसरी! दोन्ही एका फेरीत जमवायचं असेल तर तडजोड करावी लागते. शाकाहारी मंडळींनी मार्च-एप्रिल गाठावा. ओल्या काजूगरांची उसळ, घावन, सोलकढी. उन्हाळ्याच्या शेवटी बाजारात सुकट, सोडे, सुके बोंबील घ्यायला झुंबड असते. पिशवी दुहेरी न्या, डब्यातले सहप्रवासी दुवा देतील.

जायचं कसं?

ऑगस्ट २०२४ पासून वांद्रे-मडगाव गाडी बोरिवली, वसईमार्गे धावू लागली आणि पश्चिम उपनगरांची दादर-पनवेलची दगदग कमी झाली. मुलुंड, घाटकोपरकरांना ठाणेच सोयीचं. वांद्र्याची गाडी आठवड्यातून दोनदाच आहे. सुरुवातीच्या वेळापत्रकानुसार ती जाताना बुधवारी-शुक्रवारी आणि येताना मंगळवारी-गुरुवारी. म्हणजे शुक्रवारी गेलात तर रविवारी परतायला दुसरी गाडी शोधावी लागेल. ती तिकिटं आधी काढा.