टॅपेटची टिकटिक: आवाज पूर्ण घालवायचा नसतो

सुरुवातीला टिक-टिक ऐकलीत ना? तुमचे हेडफोन ठीक आहेत. ती आमच्या सोनपेठच्या घरासमोर उभी असलेली पप्पांची जुनी मारुती 800.

गाडी कार्बोरेटरवाली. तीन सिलिंडर, सहा व्हॉल्व्ह. कॅमशाफ्ट रॉकरला हलवतो, रॉकर व्हॉल्व्ह उघडतो. रॉकरचा स्क्रू आणि व्हॉल्व्हचं टोक यांच्यात बारीक फट मुद्दाम ठेवतात, कारण तापला की व्हॉल्व्ह लांबतो. वापरून फट वाढली की रॉकर आपटतो. हाच टॅपेटचा आवाज.

आधी ऑइल बघा. कमी असेल तरी वाजतं. मग मोजा. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. म्हणजे 900 आरपीएमला एक सैल व्हॉल्व्ह मिनिटाला 450 वेळा वाजणार. मी फोनवर रेकॉर्ड करून वेव्हफॉर्ममधली टोकं मोजली: दोन सेकंदांत पंधरा. (बीटेकचा घरात झालेला पहिला उपयोग, इति मम्मी.) पण एवढ्यावर निकाल देऊ नका. एक्झॉस्टचं गास्केट फुटलं तरी आकडा हाच येऊ शकतो. तो आवाज मात्र गार इंजिनवर मोठा आणि तापल्यावर बऱ्याचदा कमी होतो. लांब स्क्रूड्रायव्हर हेडच्या कव्हरवर टेकवून मुठीला कान लावा, जागा कळते. फॅन आणि बेल्टपासून लांब राहा, बरं का.

आता आमची चूक. दोन वर्षांपूर्वी एका मिस्त्रीने गरम इंजिनवरच, गेज न लावता, आवाज जाईपर्यंत स्क्रू आवळले. पप्पा खूश. काही महिन्यांनी गाडी चढाला दम टाकायला लागली. हेड उतरवलं तर एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळालेला! व्हॉल्व्ह बंद असताना सीटला टेकतो, तेव्हाच त्याची बरीचशी उष्णता हेडमध्ये जाते. फटच नाही राहिली तर तो नीट टेकत नाही, कम्प्रेशन गळतं आणि कडा जळते. आणि हे सगळं गुपचूप, आवाज न करता.

म्हणून यावेळी गाडी रात्रभर उभी ठेवली. त्या सिलिंडरचा पिस्टन कम्प्रेशनच्या शेवटी वर आणला, म्हणजे त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद. मॅन्युअलमधल्या मापाची फीलर गेजची पट्टी घातली. ती किंचित अडत सरकली पाहिजे. स्क्रू धरून नट आवळला आणि परत मोजलं, कारण नट आवळताना माप हलतं. हायड्रॉलिक लिफ्टरवाल्या गाडीत मात्र असं सेटिंग शोधू नका.

आता अगदी हलकी टिकटिक उरलीय. पप्पा रोज बोनेटपाशी उभे राहून विचारतात, "अजून वाजतंय की रे!"

"वाजू द्या, पप्पा."