ब्रेसेस निघाल्यावर रिटेनर कशासाठी?

ब्रेसेस निघाले तरी दात लगेच नव्या जागी पक्के होत नाहीत. दात हाडात थेट रुतलेला नसतो. मुळाभोवतीच्या बारीक तंतूंनी तो हाडाला बांधलेला असतो. हे तंतू नव्या जागेशी जुळवून घ्यायला 3-4 महिने घेतात. हिरडीतले लवचीक तंतू त्याहून हट्टी. वर्ष उलटले तरी ते दाताला जुन्या जागेकडे ओढत राहतात. गोल फिरलेला दात सरळ केला असेल, तर ही ओढ सर्वांत चिवट.

म्हणून दातांना नव्या जागी धरून ठेवणारा रिटेनर. काढता येणारा रिटेनर सुरुवातीचे काही महिने बहुधा जेवण आणि ब्रश सोडून दिवसभर घालायचा असतो, नंतर फक्त रात्री; नेमके वेळापत्रक ऑर्थोडॉन्टिस्ट ठरवतात. पारदर्शक रिटेनर गरम पाण्यात वाकतो, त्यामुळे धुवायला गार पाणी आणि मऊ ब्रश. जेवताना टिश्यूत गुंडाळून ठेवलेला रिटेनर हमखास कचऱ्यात जातो, डबी हवीच! दातांच्या आतल्या बाजूला तार चिकटवलेली असेल, तर तिच्याभोवती कीटण साचते. तिथे इंटरडेंटल ब्रश फिरवावा लागतो.

ब्रेसेस निघाल्यावर कधी कधी डागही दिसतात. दातावर चिकटवलेल्या ब्रॅकेटभोवती उमटलेले पांढरे डाग म्हणजे इनॅमलमधली खनिजे झिरपून गेल्याची खूण. फ्लोराइडच्या टूथपेस्टने ते काहीसे फिके होतात, पण पूर्ण जातीलच असे नाही.