चाळीस गुण आधीच हातात
हिरव्या बनातीवर : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण फाउल आणि त्याच्या दंडाचं गणित पाहिलं. आज त्याच्या पुढचं गणित: पट्टीचा व्यावसायिक आणि शनिवार-रविवार खेळणारा हौशी खेळाडू एकाच स्पर्धेत, एकाच टेबलावर कसे खेळू शकतात?

टेनिसमध्ये हे जमणार नाही. विम्बल्डनच्या विजेत्यासमोर क्लबातला खेळाडू उभा केला, तर त्याला सर्व्हिस परतवतानाच नाकीनऊ येतील. स्नूकरमध्ये मात्र समोरच्याच्या फटक्याला लगेच तोंड द्यावं लागत नाही. तो खेळत असताना आपण खुर्चीत बसायचं. चेंडू जागेवर स्थिर आहेत, टेबल दोघांना सारखंच आहे. म्हणूनच दर्जातला फरक गुणांनी भरून काढण्याची सोय या खेळात आहे. प्रो-ॲम, म्हणजे व्यावसायिक आणि हौशी एकत्र खेळतात अशा स्पर्धांमध्ये अनेकदा हौशी खेळाडूला फ्रेम सुरू होण्याआधीच काही गुण सवलत म्हणून बहाल केले जातात.

समजा, ४० गुण दिले. फ्रेम पुढे सरकली, टेबलावर तीन लाल चेंडू उरले. व्यावसायिकाने ६० गुण केलेत, हौशी खेळाडूची स्वतःची कमाई शून्य. आता टेबलावर उरलं किती? तीन लाल आणि प्रत्येक लालनंतर काळा म्हणजे २४, शिवाय शेवटच्या सहा रंगीत चेंडूंचे २७. एकूण ५१. सवलत नसती तर ६० विरुद्ध ५१, म्हणजे फ्रेम जवळपास संपलीच. हौशी खेळाडूला स्नूकर लावून, म्हणजे पांढऱ्याची वाट अडवून, फाउलचे गुण मिळवावे लागले असते. पण ४० जमेला धरले की फरक फक्त वीसचा. एक बरी खेळी झाली तरी पारडं फिरतं. व्यावसायिकालाही हे ठाऊक असतं. एरवी जिथे तो निवांत सेफ्टी, म्हणजे बचावाचा फटका, खेळला असता, तिथे त्याला धोका पत्करून लांबचा पॉट मारावा लागतो. सवलतीचा खरा परिणाम हा आहे.

गुण देऊन एक गोष्ट मात्र देता येत नाही: पांढरा चेंडू थांबवण्याची हातोटी. काळ्याजवळचा सोपा लाल चेंडू दोघेही पॉकेटमध्ये घालतील. हौशी खेळाडूचा पांढरा पुढे जाऊन काळ्याच्या आणि पॉकेटच्या अगदी सरळ रेषेत थांबतो. काळा जातो, पण कोन नसल्यामुळे पांढरा बाजूला वळवून लाल चेंडूंच्या घोळक्याकडे नेता येत नाही, आणि आठ गुणांवर खेळी संपते. व्यावसायिक तोच लाल मारताना पांढरा किंचित अलीकडे थांबवतो. काळ्यावर थोडासा कोन उरतो, तो मारता मारता पांढरा घोळक्यात शिरतो, लाल मोकळे होतात आणि मग पुढची दहा मिनिटं दुसऱ्याने खुर्चीत बसून पाहायचं. मला वाटतं, मिश्र स्पर्धेत हौशी खेळाडूची खरी कमाई ही दहा मिनिटं आहेत. असा खेळ चार हातांवरून पाहिला की पुढच्या सरावाला दिशा मिळते.

सर्वोच्च स्पर्धांत सवलत वगैरे काही नसते. तिथे हौशी म्हणजे व्यावसायिक टूरचं कार्ड नसलेला खेळाडू. २०१९ मध्ये जेम्स काहिल हा जागतिक स्पर्धेच्या मुख्य फेरीला पात्र ठरलेला पहिला हौशी खेळाडू, आणि त्याने पहिल्याच सामन्यात रॉनी ओ'सुलिव्हनला १०-८ असं हरवलं. २०२५ मध्ये तर झाओ शिनटोंगने कार्ड नसताना जगज्जेतेपदच मिळवलं. अंतिम सामन्यात त्याने मार्क विल्यम्सवर १८-१२ अशी मात केली. अर्थात, तो पूर्वीचा व्यावसायिक. सामनानिश्चितीच्या प्रकरणातली बंदी संपवून तो हौशींच्या वाटेने परतला होता. फ्रेम कमी असल्या की नशीबही हात देतं. कमाल पस्तीस फ्रेमच्या सामन्यात ते पुरत नाही, म्हणून या विजयाचं मोल फार मोठं.

भारतात व्यावसायिकांशी खेळण्याचा योग इंडियन ओपनने आणला. २०१३ मध्ये दिल्लीत ही क्रमवारीची स्पर्धा पहिल्यांदा झाली, आणि मुंबईच्या आदित्य मेहताने अंतिम फेरी गाठली. क्रमवारीच्या स्पर्धेत इथवर पोहोचलेला तो पहिला भारतीय. डिंग जुनहुईने त्याला ५-० असं हरवलं खरं, पण त्या आठवड्याने आपल्या मुलांच्या मनातली भीती घालवली असं मी ठामपणे म्हणेन. २०१५ मध्ये स्पर्धा मुंबईत आली, पुढे हैदराबाद, विशाखापट्टणम आणि २०१९ मध्ये कोची. त्यानंतर ती थांबली, ही मोठी हानी आहे, कारण टूर खेळायला मग परदेशीच जावं लागतं. पुण्यात जन्मलेला पंकज अडवाणीसुद्धा २०१२ मध्ये व्यावसायिक झाला आणि दोन वर्षांत मायदेशी, हौशी स्पर्धांकडे परतला. मुंबईच्या ईशप्रीत सिंग चढ्ढाने २०२३ मध्ये क्यू स्कूल या पात्रता स्पर्धेतून टूरचं कार्ड मिळवलं. घरापासून हजारो मैलांवर, ब्रिटनमध्ये राहून टूर खेळणं सोपं नाही. घरच्या टेबलावर व्यावसायिक येणार असतील, तर कितीतरी जणांचा हा खर्च आणि एकटेपणा वाचेल.

इथे अमेरिकेत, पिस्कॅटवेच्या वाचकांना सवलतीचा खेळ पाहायचा असेल, तर इथला मार्ग पूलमधून जातो. स्नूकरचं बारा फुटी टेबल अमेरिकेत शोधावं लागतं, पण अमेरिकन पूलप्लेयर्स असोसिएशनच्या लीगमध्ये सवलत रुळलेली आहे. आठ-बॉलमध्ये खेळाडूंना २ ते ७ अशी श्रेणी असते. सातच्या खेळाडूने सात गेम जिंकायचे, त्याच्यासमोरच्या दोनच्या खेळाडूला दोन पुरतात. घरच्या बेसमेंटमध्येही हे करून पाहा. आधी काही संध्याकाळी सवलतीशिवाय खेळा, दोघांतला सरासरी फरक काढा आणि त्याहून थोडी कमीच सवलत द्या, म्हणजे चांगल्या खेळाडूला चांगलं खेळण्याचं कारण उरतं.

पुढच्या लेखांकात सेफ्टी, म्हणजे पॉट न मारता सामना कसा जिंकतात ते.