जुना तागा, नवे लेबल : एका भीतिपटाच्या कॅसेटचा हिशेब

कटपीस आणि फेंटचा धंदा करणाऱ्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. माल तोच असतो. त्यावर लेबल कोणते, तो कुणाला विकला आणि विकताना काय सांगितले यावर भाव ठरतो. अमेरिकेच्या सिनेमा धंद्यात १९८७ साली याच तऱ्हेचा एक सौदा झाला. 'सायलेंट नाईट, डेडली नाईट' या चित्रपटाचा दुसरा भाग त्या वर्षी आला. एकूण लांबी दीड तासाहून थोडी कमी, आणि त्यातली सुमारे ४० मिनिटे सरळ पहिल्या भागातून कापून घेतलेली. असा माल तयार का झाला, कॅसेटच्या दुकानात कसा चालला आणि त्यात पैसा कुणाचा अडकत होता, हे पाहिले तर व्हिडिओ धंद्याचा बराचसा हिशेब उलगडतो. म्हणून आम्ही हा विषय घेतला. असले चित्रपट घरी आणून पाहावेत, अशी आमची बिलकुल शिफारस नाही.

हातात सुरा किंवा कुऱ्हाड घेऊन एकेकाला गाठून मारणारा खुनी, हा या चित्रपटांचा ठरीव साचा. तिकडे त्यांना स्लॅशर म्हणतात. साचा ठरीव असल्याने खर्च कमी. मोठा नट नको, भारी सेट नको. एखादे घर, थोडा अंधार आणि तरुण पोरे-पोरी एवढ्यावर काम भागते. १९७८ च्या 'हॅलोवीन'वर सव्वातीन लाख डॉलरच्या आसपास खर्च झाला आणि एकट्या अमेरिकेत त्याची तिकीटविक्री साडेचार कोटींच्या वर गेली. १९८० साली 'फ्रायडे द थर्टीन्थ' आला. त्याचा दुसरा भाग १९८१ मध्ये, तिसरा १९८२ मध्ये. एक डिझाइन चालले की सगळा बाजार तेच छापू लागतो, तसेच हे झाले.

'सायलेंट नाईट'चा पहिला भाग ९ नोव्हेंबर १९८४ रोजी ट्रायस्टार कंपनीने लावला. त्यातला खुनी सांताक्लॉजच्या, म्हणजे नाताळात मुलांना भेटी देणाऱ्या बाबाच्या वेशात फिरतो. त्याची जाहिरात टीव्हीवर मुले पाहतात अशा वेळी दाखवली गेली आणि आईबाप खवळले. चित्रपटगृहांपुढे निदर्शने झाली. जीन सिस्कल आणि रॉजर ईबर्ट या नामांकित समीक्षकांनी आपल्या कार्यक्रमात त्याची खरडपट्टी काढली. सिस्कल यांनी तर बनवणाऱ्यांची नावे घेऊन त्यांना लाज वाटावी असे सुनावले. कंपनीने आधी जाहिराती मागे घेतल्या, मग चित्रपटही उतरवला. ज्या दिवशी हा लागला त्याच दिवशी 'अ नाईटमेअर ऑन एल्म स्ट्रीट'ही लागला होता. त्याचे पुढे मोठे घराणे उभे राहिले, आणि याची अवस्था गोदामात परत आलेल्या मालासारखी झाली.

पण गोदामातल्या या मालाला फुकटात नाव मिळाले होते. पाहिलेले लोक थोडे, ऐकलेले फार. ज्यांच्याकडे हक्क होते त्यांनी हे ओळखले. संकलक ली हॅरी यांना सांगण्यात आले की पहिल्याच चित्रपटाची कापाकापी करून नवा करून द्या. हॅरी यांनी आग्रह धरून थोडे नवे चित्रीकरण पदरात पाडून घेतले, पण तुटपुंज्या पैशात आणि मोजक्या दिवसांत. दिग्दर्शकही तेच. मग जोड कसा लावला? पहिल्या खुन्याचा धाकटा भाऊ रिकी वेड्यांच्या इस्पितळात बसून डॉक्टरला घराण्याची हकीकत सांगतो, आणि तो सांगेल तशी जुनी फिल्म चालू होते. गंमत अशी की आईबापांचा खून झाला तेव्हा हा तान्हा होता, तरी सारे डोळ्यांनी पाहिल्यासारखे बारकाईने सांगतो. पट्ट्यावर पट्टा न जुळवता शिंप्याने मारलेली शिवण आपल्या नजरेतून सुटत नाही. ही शिवणही तशीच उघडी आहे.

चित्रपटगृहात या दुसऱ्या भागाला फारसे गिऱ्हाईक मिळाले नाही. अशा मालाचा खरा आधार कॅसेटचे दुकान होता, आणि हा धंदा नीट समजून घेण्याजोगा आहे. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे कॅसेट एकदा विकत घेतली की दुकानदार ती हवी तितक्या वेळा भाड्याने देऊ शकतो. पुढच्या भाड्यातला एक पैसाही चित्रपट कंपनीला जात नाही. तेव्हा कंपन्यांनी सगळी वसुली पहिल्याच विक्रीत करायची ठरवली. घरात बाळगण्यासारख्या चित्रपटाची कॅसेट वीस-तीस डॉलरला. १९८७ साली 'टॉप गन'ची कॅसेट शीतपेयाची जाहिरात घालून २६ डॉलर ९५ सेंटला काढली आणि ती लाखोंनी खपली. भाड्यावर चालणाऱ्या चित्रपटाच्या कॅसेटवर मात्र सत्तर, ऐंशी, नव्वद डॉलरची किंमत छापलेली असे. प्लास्टिक तेच, फीत तीच. पण स्लॅशर एकदा पाहून झाला की कुणी कपाटात जपून ठेवत नाही. त्याचा गिऱ्हाईक घरमालक नव्हे, दुकानदार. म्हणून त्याला भाडेवाला भाव.

आता दुकानदाराचा हिशेब मांडू. समजा ८० डॉलरची कॅसेट त्याला घाऊक सूट मिळून ५५ ला पडली आणि एका रात्रीचे भाडे अडीच डॉलर आहे. म्हणजे बावीस वेळा ती बाहेर गेल्यावर मुद्दल सुटते. दुकानभाडे, वीज, नोकराचा पगार वेगळाच. आणि हा माल जांगडवर येत नसे. पसंत पडला नाही म्हणून परत, ही सोय नाही. कंपनीचे पैसे माल गाडीत चढला तेव्हाच मोकळे. जोखीम सगळी दुकानदाराच्या गल्ल्यावर. चालली नाही तर जुनी कॅसेट म्हणून पाच-दहा डॉलरला काढून टाकायची, एवढाच मार्ग.

मग दुकानदार घेत का होता? १९८७ च्या सुमारास अमेरिकेतल्या निम्म्या घरांत व्हिडिओ पोचला होता. शनिवारी रात्री चांगल्या चित्रपटाच्या सगळ्या कॅसेट बाहेर गेलेल्या असत आणि दारात आलेल्या गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने पाठवायचे नसे. फळी भरलेली दिसली पाहिजे. तिथे भीतिपट कामाला येई. कॅसेट आतल्या बाजूला, बाहेर नुसते खोके. तेव्हा खोक्यावरचे चित्र हाच त्याचा विक्रेता. ओळखीचे नाव आणि त्यापुढे '२' हा आकडा असला की पोरे उचलत. चित्रपट पाहून झाल्यावर तक्रार केली तरी भाडे परत मिळत नाही.

आमच्या मते इथे खरा दोष तुकडे जोडण्यात नाही. कटपीस विकणे ही लबाडी नव्हे. आपल्यातली कित्येक घरे त्यावर उभी आहेत. कटपीसला पूर्ण ताग्याचा भाव लावणे ही लबाडी. दुसरा भाग म्हणून भाडे दिलेल्या गिऱ्हाइकाच्या पदरात जवळजवळ निम्मा पहिलाच भाग पडला, आणि ज्याने आधी पहिला पाहिला होता त्याचेच अधिक नुकसान झाले. म्हणजे जुन्या, बांधलेल्या गिऱ्हाइकालाच चाट. व्यापारात याहून आंधळा सौदा आम्हाला ठाऊक नाही.

पुढे मालिकेचा तिसरा भाग १९८९ मध्ये चित्रपटगृहाची पायरी न चढता थेट कॅसेटवर आला. जोखमीचा तो जुना करारही बदलला. १९९८ च्या सुमारास ब्लॉकबस्टर या मोठ्या दुकान-साखळीने कंपन्यांशी ठरवले की कॅसेटमागे आधी थोडीच रक्कम द्यायची आणि भाड्यातला वाटा पोचवायचा. नफा-नुकसान दोघांत वाटले गेले, फळीवर कॅसेट वाढल्या. पण एकट्या दुकानदाराला अशा अटी सहसा मिळाल्या नाहीत, आणि कोपऱ्यावरची दुकाने बसू लागली. ब्लॉकबस्टरचेही २०१० मध्ये दिवाळे निघाले.

दरम्यान १९९७ मध्ये अमेरिकेत डीव्हीडी आली होती. ती स्वस्त असल्याने थेट घरमालकालाच विकता येऊ लागली. २००३ मध्ये अँकर बे कंपनीने 'सायलेंट नाईट'चे दोन्ही भाग एकाच खोक्यात घालून काढले. म्हणजे त्या ४० मिनिटांचा माल गिऱ्हाइकाने एकाच पावतीवर दोनदा घेतला! तरी कुणाची ओरड झाली नाही. कारण गिऱ्हाईकच बदलले होते. २००६ नंतर दुसऱ्या भागातला एक तुकडा इंटरनेटवर घरोघर पोचला. त्यात रिकी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवणाऱ्या माणसावर ओरडून गोळी झाडतो. नटाच्या त्या ओरडण्याला लोक पोट धरून हसू लागले. त्या हसण्याच्या जोरावर २०१८ मध्ये दुसऱ्या भागाची स्वतंत्र ब्लू-रे निघाली, तीही शौकिनांसाठी खास आवृत्ती म्हणून. ती घेणाऱ्याला आतला माल जोडलेला आहे हे आधीच माहीत असते. शिवण कुठे आहे तेच त्याला पाहायचे असते.